जुनी गाडी, नवं इंजिन

१९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा बाजारात आणली. अंगकाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या एका प्रशस्त गाडीची, आणि बॉनेटखाली मात्र अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या गाडीला ती अपुरी पडते, हे पहिल्याच घाटात कळायचं. काही वर्षांतच कंपनीने तिच्यात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन बसवलं, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला. अश्वशक्ती ८८ वर गेली. पत्रा तोच राहिला, पण रस्त्यावर गाडी वेगळीच वाटू लागली. १९९०च्या दशकात हेच इंजिन अँबॅसडरमध्येही आलं आणि त्या जुन्या गाडीचं आयुष्य बरंच वाढलं.

कंपनीने केलं तेच गॅरेजमध्येही होत आलं आहे. गाडीचा सांगाडा धड असतो, मालकाचा तिच्यावर जीव असतो, पण इंजिन दमलेलं असतं. सुटे भाग मिळेनासे होतात, तेल जळायला लागतं, अ‍ॅव्हरेज घसरतं. मग कोणीतरी सुचवतं, ‘दुसरं इंजिनच टाकून द्या की!’ सुचवणं सोपं असतं. इंजिन उतरवून दुसरं चढवायला कसबी मेकॅनिकला दोन-तीन दिवस पुरतात. त्यानंतर महिनोन् महिने गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते ती वेगळ्याच कारणांनी.

इंजिन आत कसं चालतं, हा वेगळा विषय. इथे पाहायचं आहे ते इंजिनाच्या बाहेरचं. अदलाबदल फसते तेव्हा नवं इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गडबड असते ती इंजिन आणि गाडी जिथे एकमेकांना जोडली जातात तिथे. असे जोड सात-आठच आहेत. ते समजले की अदलाबदल कशी करायची हे कळतं, आणि बिघाड कुठे शोधायचा हेही.

कंपन्यांनी केलेले प्रयोग

मुंबईत माझगावला १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या जीपला पेट्रोलचं इंजिन होतं आणि पेट्रोल प्यायला ती मागेपुढे पाहत नसे. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्यावर अशी जीप पोसणं शेतकऱ्यालाही परवडेना आणि ठेकेदारालाही. महिंद्राच्या घरात ट्रॅक्टर बनत होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घेतलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये गेलं. पुढे फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं, आणि एमएम ५४० सारख्या जीप त्याच्यावर धावल्या. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवत होती. मूळचं मर्सिडीजच्या मोटारींसाठी आखलेलं हे इंजिन आपल्याकडे ट्रॅक्समध्ये बसलं, वडापची गर्दी वर्षानुवर्षं वाहत राहिलं, आणि हौशी जीपवाल्यांच्याही पसंतीला उतरलं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८०च्या दशकाच्या मध्याला ११८ एनई काढली. तिचा सांगाडा फियाटच्या १२४ या जुन्या गाडीचा आणि इंजिन निस्सानचं, ११७१ सीसीचं. इटली आणि जपान असा हा संसार बरा चालला. त्याच कारखान्याने पद्मिनीत १.३७ लिटरचं इटालियन डिझेल इंजिन बसवून ‘१३७ डी’ काढली.

याच्या उलटा प्रयोग मद्रासला झाला. स्टँडर्ड मोटर्सने १९८५ मध्ये स्टँडर्ड २००० आणली. अंग इंग्लंडच्या रोव्हर एसडी-१ या देखण्या, आधुनिक गाडीचं, आणि आत स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या पिढीतलं दोन लिटरचं इंजिन. महाग गाडी, मंद चाल आणि पेट्रोलचा खप मोठा. तीन-चार वर्षांत तिचा गाशा गुंडाळला गेला.

एक परदेशी उदाहरण इथे मुद्दाम देतो. इंग्लंडच्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीत १७९८ सीसीचं ओतीव लोखंडी इंजिन होतं. अँबॅसडरच्या इंजिनाचं हे मोठं भावंडच, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सीरीज’मधलं. १९७०च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने त्या जागी रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. त्याचं पाहून कारखान्यानेही १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ काढली. सिलिंडर दुप्पट, क्षमता जवळपास दुप्पट, तरी गाडीचं नाक खाली झुकलं नाही. कारण रोव्हरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं होतं. वजनाला जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा थोडं हलकंच भरायचं. इंजिन निवडताना सीसी आणि अश्वशक्ती सगळेच विचारतात. वजन किती, हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा.

नाकापेक्षा मोती जड

आपल्याकडे पेट्रोलच्या जागी डिझेल बसवण्याची चाल होती, आणि वजनाचा हिशेब तिथेच चुकायचा. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण आठ-दहा पट दाबतं. जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन हवा वीसपटीहून जास्त दाबतं, कारण त्या दाबाने तापलेल्या हवेनेच डिझेल पेटायचं असतं. एवढा दाब सोसायला ब्लॉक, हेड, क्रँक सगळंच जाड लागतं. हे जादा वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी बाहेर ओढते, ब्रेक मारल्यावर नाक जमिनीकडे झुकतं. पुढच्या स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या वजनाला साजेसे न घालता इंजिन बदललं, तर टायर एका कडेने खाल्ले जातात आणि मालक अलाइनमेंटवाल्याला दोष देत बसतो.

डिझेलचे हादरेही मोठे. पेट्रोल इंजिनाची रबरी फाउंडेशनं त्याखाली ठेवली, तर ती थोड्याच दिवसांत फाटतात, किंवा फाटली नाहीत तर हादरा सरळ पत्र्यात सोडतात. फाउंडेशनचा कंस वेल्डिंगने जोडताना जागा इंजिन नुसतं ‘बसेल’ अशी पाहून चालत नाही. खालचं ऑइल चेंबर पुढच्या आडव्या बीमला घासत नाही ना, रेडिएटर आणि पंखा यांच्यात बोटभर तरी जागा आहे ना, स्टिअरिंगचा दांडा सायलेन्सरच्या गरम पाइपाला लागत नाही ना, हे सगळं इंजिन साखळीला लटकत असतानाच पाहावं लागतं. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.

ऑइल चेंबर बीमला अडतं म्हणून ते कापून उथळ करण्याचा मोह होतो. चेंबर उथळ झालं की तेलाचा साठा कमी होतो आणि तेल ओढणारी जाळी तळापासून किती अंतरावर राहते तेही बदलतं. मग घाटातल्या चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर जाळीत तेलाऐवजी हवा जाते. ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. त्या क्षणभरात बेअरिंगवर चरे पडतात. दिवा विझला म्हणून अशी गाडी पुढे दामटू नये.

दोन दशांश मिलिमीटरची गोष्ट

इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसरीचा, असा मेळ घालताना मधे जाड पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवाल्याकडून करून घेतात. बोल्टची भोकं जुळली, क्लच बसला, गिअर पडले, की काम झालं असं समजतात. पण खरा प्रश्न भोकांचा नसून मध्याचा असतो.

गिअरबॉक्सचा पुढचा दांडा क्लच प्लेटच्या खाचांमधून जातो आणि त्याचं टोक क्रँकच्या मागच्या बाजूला असलेल्या लहानशा पायलट बुशमध्ये टेकतं. क्रँक आणि हा दांडा एकाच सरळ रेषेत फिरले पाहिजेत. रेषा चुकली तर दांडा प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकवला जातो. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे मिनिटाला तीन हजार वेळा.

हे तपासायला डायल गेज लागतं. क्लच काढून ते फ्लायव्हीलवर पक्कं करायचं, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि क्रँक हाताने हळूहळू पूर्ण फिरवायचा. सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती हलली, ते वाचायचं. साधारण ०.१३ मिलिमीटरपर्यंत ठीक. सुई ०.४ हलली, तर मध्य त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.२ मिलिमीटरने सरकला आहे. हा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवत नाही, आणि गाडी सुरू केल्यावर लगेच आवाजही येत नाही. काही हजार किलोमीटर झाले की एकेक लक्षण दिसू लागतं. क्लच दाबल्यावर घरघर, रिव्हर्स टाकताना करकर, चालू गाडीत गिअर आपोआप निसटणं. गिअरबॉक्स उघडून बेअरिंग बदललं तर तेही तितक्याच दिवसांत जातं. दोनदा एकच बेअरिंग गेलं, तर तिसरं विकत घेण्याआधी डायल गेज मागवावं.

म्हणूनच जाणते मेकॅनिक सांगतात, इंजिन घ्याल तर गिअरबॉक्ससकट घ्या. काँटेसात इसुझूचं इंजिन इसुझूच्याच गिअरबॉक्ससह आलं ते उगाच नव्हे.

त्याचा दुसरा फायदा गणिताने समजतो. समजा गाडीचा टायर एका फेऱ्यात १.९ मीटर जातो आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.५ आहे. चौथा गिअर सरळ, म्हणजे एकास एक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय. ३००० भागिले ४.५ म्हणजे चाकाचे ६६७ फेरे, गुणिले १.९ मीटर, ताशी हिशेब केला तर सुमारे ७६ किलोमीटर. आता ०.८५ प्रमाणाचा पाचवा गिअर मिळाला, तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी ८९ किलोमीटर होतात. डिझेल इंजिनाची फिरण्याची मर्यादा पेट्रोलपेक्षा कमी असते. जुना चार गिअरचा बॉक्स आणि जुनं डिफरन्शियल तसंच ठेवून डिझेल टाकलं, की हायवेवर इंजिन किंचाळतं आणि गाडी मात्र रेंगाळते. दोष इंजिनाचा नसतो, गुणोत्तराचा असतो.

उष्णता, इंधन आणि ब्रेक

जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बहुतेक रेडिएटरच्या पाण्यात उतरते. म्हणजे ताकद वाढली की रेडिएटरचं कामही त्याच प्रमाणात वाढलं. जुन्या गाडीचा पितळी रेडिएटर कमी दाबाच्या टोपीसाठी बनवलेला असतो. नव्या इंजिनाला सुमारे एक बार दाबाची टोपी लागते, कारण त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. ती टोपी जुन्या रेडिएटरवर लावली, तर त्याचे डाख उकलतात. शिवाय नवं इंजिन उंच असेल आणि रेडिएटर त्याच्या खाली राहिला, तर हवा हेडमध्ये कोंडते. थर्मोस्टॅटभोवती पाणी नसून वाफ असते, त्यामुळे तो वेळेवर उघडत नाही. अशा जोडणीत पाणी भरायची बाटली संपूर्ण यंत्रणेत सगळ्यांत उंच जागी हवी.

इंधनाचंही तसंच. कार्बोरेटरला पंपाचा दाब जेमतेम पाव बार लागतो. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला तीन बार किंवा त्याहून जास्त. नुसता पंप बदलून भागत नाही. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागते, दाब सोसणारे होज आणि क्लिप लागतात, आणि जुन्या टाकीतला गंज खरवडून काढावा लागतो. जुन्या टाकीच्या आत आडोसे नसतात. पेट्रोल पाव टाकीवर आलं की लांब वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा, म्हणून जुन्या इंजिनाला हे कळायचंही नाही. इंजेक्शनचं इंजिन तिथेच आचका देतं.

आता सर्वांत महत्त्वाचा जोड. ब्रेकचा बूस्टर हवेच्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात ही पोकळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप तयार होते, कारण तिथे हवेची वाट अडवणारी झडप असते. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून पोकळीही नसते. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन स्वस्तात मिळालं आणि अल्टरनेटर दुसऱ्याच गाडीचा लावला, तर हा पंप राहून जातो. गॅरेजच्या अंगणात ब्रेक लागतात, उतारावर मात्र पेडल दगडासारखं होतं. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, मग पाय दाबूनच इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

वेग वाढला तर ब्रेकची कुवतही वाढवावी लागते. ताशी ५० वरून १०० वर गेलं की थांबवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत दीडपट ताकदीचं इंजिन टाकायचं, तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला

अदलाबदल झालेल्या गाडीत बिघाड शोधणं अवघड जातं, कारण तिचं मॅन्युअल कुठेच छापलेलं नसतं. मग ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ सुरू होतं. कॉइल बदलली, पंप बदलला, सेल्फ बदलला, बॅटरी नवी घेतली. खिसा रिकामा झाला आणि बिघाड जागेवर. याला एकच उतारा आहे. आधी मोजायचं, मग बदलायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सेल्फचंच घ्या. नवं इंजिन बसवल्यावर सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो. बॅटरी चांगली, सेल्फ दुसऱ्या गाडीत जोरात फिरतो. इथे पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिनाचा ब्लॉक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी जाड अर्थची पट्टी जुनं इंजिन काढताना सोडलेली असते आणि नंतर कोणाला आठवत नाही. किंवा ती रंगावरच कसलेली असते.

मल्टीमीटरवर रोध मोजला तर शून्य दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘अर्थिंग ओके.’ पण सेल्फ १५० ते २०० अँपिअर ओढतो. रोध ०.०१ ओहम एवढा क्षुल्लक असला तरी २०० अँपिअरला त्यावर दोन व्होल्ट खर्ची पडतात. साध्या मीटरला तो रोध दिसतही नाही. म्हणून मोजायचं ते चालू कामात. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर खरवडलेल्या जागी. कॉइलची किंवा इंजेक्टरची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. आता सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत आकडा आला तर ठीक. एक-दोन व्होल्ट आले, तर चोर सापडला. हा दोष तसाच राहिला तर वीज परतीची दुसरी वाट शोधते. ती कधी क्लचच्या केबलमधून जाते, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या. केबल तापून तिचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर केबल बदलण्याआधी अर्थची पट्टी पाहा.

गाडी तापत असेल तर ती *कधी* तापते हे आधी विचारा. सिग्नलला तापते आणि हायवेवर थंड होते, तर दोष हवेचा: पंखा, त्याच्याभोवतीचा आडोसा, किंवा इलेक्ट्रिक पंखा उलटा फिरणं. हायवेवर तापते आणि शहरात नाही, तर पाण्याचा प्रवाह कमी किंवा रेडिएटर अपुरा. थंड गाडी सुरू करताच होज दगडासारखे कडक होतात आणि पाण्यात बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरतोय. बुडबुडे पाहायचे तर टोपी थंड गाडीवरच काढून इंजिन सुरू करा. तापलेल्या गाडीची टोपी उघडणं म्हणजे चेहरा भाजून घेणं.

थरथरीचंही असंच. रिकाम्या रस्त्यावर ज्या वेगाला गाडी थरथरते तो वेग गाठून गिअर न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे उतरले तरी थरथर कायम राहिली, तर दोष चाकांत किंवा प्रॉपेलर शाफ्टमध्ये. थांबली, तर क्लच, फ्लायव्हील किंवा फाउंडेशन. नव्या इंजिनामुळे गिअरबॉक्सचं शेपूट वर-खाली झालेलं असतं आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत. गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत, आणि दोन्ही क्रॉसवरचा कोन लहान, साधारण तीन अंशांच्या आत. पाचर घालून गिअरबॉक्सची पाठ थोडी उचलली, की कित्येकदा थरथर जाते.

डिझेल इंजिन सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल, तर बहुधा हवा ओढली जात आहे. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते; फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे गळती दिसत नाही. पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्याला दिसतात.

संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनात एक वेगळाच सापळा असतो. त्या संगणकाला, ईसीयूला, क्रँकची नेमकी जागा कळावी लागते. त्यासाठी दातेरी चकती असते. अनेक इंजिनांत साठ दात्यांच्या जागेपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात आणि त्या फटीवरून ईसीयू मोजणी सुरू करतो. काही इंजिनांत हे दाते फ्लायव्हीलवरच असतात. जुन्या गिअरबॉक्सला जुळावं म्हणून दुसरं फ्लायव्हील लावलं, की ईसीयू आंधळा होतो. ना ठिणगी, ना पेट्रोल. स्कॅनर लावून सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे पाहा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर कॉइल आणि पंप यांच्याकडे पाहायचंही कारण नाही. आणि इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत नेमानं बंद पडत असेल, तर इमोबिलायझर तपासा. ईसीयू मूळ गाडीची चावी शोधत असतो. म्हणून इंजिन घेताना वायरिंग, ईसीयू, चावी आणि चावीभोवतीची रिंग, हे सगळं एकाच गाडीचं घ्यावं. कापलेलं वायरिंग नंतर जोडत बसण्यापेक्षा अपघातात सापडलेली अख्खी गाडी घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन घालायला वाट आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त किटची वाट आहे. दोन्हींसाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. दुसऱ्याच कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन टाकून गाडी रस्त्यावर फिरवणं यात बसत नाही. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात पहिली फूट तिथेच पडते. कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या बाजारातून इंजिन घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. बिल नसलेलं इंजिन चोरीचं निघालं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आणखी एक नियम जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवायला हवा. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. १९७० च्या अँबॅसडरमध्ये किंवा १९६८ च्या फियाटमध्ये आज नवं इंजिन टाकलं, तर तो हक्क गेला.

सुरुवात करण्याआधी

तेव्हा आधी स्वतःला विचारा, इंजिन बदलायची गरज आहे का? बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून, हेडचं काम करून जुनं इंजिन उभं राहत असेल, तर तेच करा. त्याचे सगळे जोड कारखान्याने जुळवून दिलेले आहेत. बदलायचंच ठरलं, तर आरटीओत काय मंजूर होईल ते आधी विचारा आणि इंजिन नंतर शोधा. शक्यतो त्याच कंपनीने त्याच गाडीत कधीतरी बसवलेलं इंजिन निवडा. अँबॅसडरला इसुझू, पद्मिनीला १३७ डीचं डिझेल. त्याची फाउंडेशनं, शाफ्ट आणि रेडिएटर कारखान्यानेच ठरवलेले असतात आणि निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. प्रत्येक वायर सोडण्याआधी फोटो काढा, टोकाला चिठ्ठी बांधा आणि केलेल्या प्रत्येक बदलाची वही ठेवा. उद्या गाडी बंद पडली, तर तुमच्या मेकॅनिकसाठी या गाडीचं एकमेव मॅन्युअल तीच वही असेल. आणि काढलेलं जुनं इंजिन भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, भोकं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. मूळ इंजिन सोबत असलेल्या जुन्या गाडीला बाजारात नेहमीच जास्त किंमत येते.